बळदातला सूर

त्या खोलीत भिंतीला पाठ लावून आडवं झालं की स्वप्नं खालच्या सुरात पडायची. हे कुणाला सांगितलं की माणसं माझ्याकडं बघून हसतात. हसू देत बापडी. दोन उन्हाळे आणि मधला एक पावसाळा मी त्या भिंतीला पाठ टेकून काढलाय. ती भिंत आता नाही. ती कशी गेली हे सांगायचं तर तिच्या पलीकडं बसणाऱ्या माणसाबद्दल सांगावं लागेल, आणि तो माणूस एका दमात सांगून होणारा नव्हे.

मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस. बदलीवर लिंबागणेशच्या अलीकडच्या एका गावात येऊन पडलो आणि खोली शोधत हिंडायला लागलो. ज्याला विचारावं तो एकाच घराकडं बोट दाखवी आणि दाखवताना गालातल्या गालात हसे. मी मुळातच तापट, त्यात चैत्राचं ऊन. पण गावात दुसरी खोलीच नव्हती, मग राग गिळला.

घर विहाराच्या मागच्या अंगाला होतं. माळवदाचं घर, म्हणजे मातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचा थर. दोन खोल्या आणि मध्ये चांगली दोन हात जाडीची भिंत. घरमालक साठीला टेकलेले, ठेंगणे, कानांवर केसांचे झुपके. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, पण त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. मी त्यांना मामा म्हणायला लागलो आणि त्यांच्या बायकोला मामी. ते मला पहिल्या मिनिटापासून डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही हे मी तीनदा सांगितलं. जनावराला कुठं डिग्री वाचता येती, म्हणाले, आणि विषय संपवला.

खोली देताना त्यांची अट एकच. दुपारी दोन ते चार मधल्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मला वाटलं, म्हातारा दुपारचा झोपत असेल.

पहिल्याच आठवड्यात दवाखाना बंद करून जरा लवंडलो, तर पाठीला मुंग्या आल्या. हात लावून बघितला, भिंत थरथरत होती. कोनाड्यातल्या तांब्यातल्या पाण्यावर गोल गोल रेघा उठत होत्या. मी पायात चप्पल न घालताच वायरमनकडं पळालो आणि भिंतीत करंट उतरलाय म्हणून सांगितलं. तो बिचारा आला, चार ठिकाणी टेस्टर लावला, दिवा काही लागला नाही. जाताना म्हणाला, साहेब, पाणी पीत जा भरपूर, आमच्याकडचं ऊन वाईट. पुढं कळलं की त्याला सगळं ठाऊक होतं. गावात येणाऱ्या प्रत्येक नव्या भाडेकरूचा पहिला आठवडा ही सगळ्यांची हक्काची करमणूक होती, आणि ती फुकट घालवायला कुणीच तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जनावरं तपासायची नळी काढली आणि भिंतीला लावून कानात घातली. आणि मी खाली बसलो. करंट नव्हता तो. कुणीतरी चालत होतं. दोन पावलं पुढं, एक मागं, मग जरा थांबून एक मोठा उसासा, मग पुन्हा पावलं. किती वेळ ऐकत बसलो कुणास ठाऊक. उठलो, दाराला वळसा घालून त्यांच्या खोलीत गेलो. मामा पोत्यावर मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. मांडीवर लांब मानेची, चार जाड तारांची गिटार. समोर भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर भोक, आणि त्या भोकात पंधरा इंची स्पीकर बसवलेला. कडेनं शेणमातीनं लिंपून घेतलेला, चुलीला पोतारा करतात तसा.

भिंतीत बळद होतं. जुन्या लोकांनी दोन भिंतींच्या मध्ये पोकळी ठेवून ज्वारी साठवायची केलेली सोय. वरून ओतायची, खालच्या भोकातून काढायची. मामांनी खालचं भोक मोठं करून तिथं स्पीकर बसवला आणि वरचं तोंड फळीनं बंद केलं. स्पीकरची पाठ बळदाच्या पोकळीत आणि तोंड खोलीत. मग ती दोन हातांची भिंत पोटातून घुमायची.

इथवर यायला त्यांना वीस वर्षं लागली होती. सुरुवातीला मंडपवाल्याच्या अॅम्प्लिफायरला आणि भोंग्याला गिटार जोडून वाजवायचे. भोंग्यातून बेसचे खालचे सूर म्हणजे चाळणीतून पाणी, असं त्यांचं म्हणणं. मग बीडच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात बसून स्वतःचा अॅम्प्लिफायर जोडला. तो इतका तापायचा की मामी त्यावर पापड ठेवायच्या. स्पीकर आधी लग्नातल्या पेटीत घातला, पेटीला मामींच्या लुगड्यांचा वास होता आणि आवाजात दम नव्हता. मग पत्र्याच्या कोठीत घातला, तर कोठी दात वाजवायला लागली. मग पाण्याच्या प्लास्टिकच्या टाकीत. त्याबद्दल ते बोलतच नसत, नुसती मान हलवत. शेवटी एका दुपारी रिकाम्या बळदात तोंड घालून त्यांनी खोकून बघितलं आणि त्यांना त्यांची जागा सापडली.

दोन ते चार ही वेळही त्यांनी ठरवलेली नव्हती. शेतीचे पंप तेव्हा बंद असत, विजेला दाब असे, अॅम्प्लिफायर गुणगुणत नसे. आणि मामी त्या वेळी शेरडं घेऊन माळावर असत. मामींना भिंतीचं वाजणं आवडत नसे, कारण फळीवरची भांडी खाली यायची. तीस वर्षांच्या संसारात मी एवढंच ऐकलंय, भांडी पडलेली, असं त्या शेजारणींना सांगत. एकदा तर मामांनी वरणाच्या पातेल्यात सोडा घालून गिटारच्या जुन्या तारा उकळायला ठेवल्या. तारांत बोटांचा मळ साचला की आवाज मुका होतो, उकळल्या की पुन्हा बोलतात. मामींनी वरण समजून पळी घातली आणि वेटोळं वर आलं. त्या दिवशी मी दोघांनाही माझ्याकडं जेवायला घातलं, माझ्या हातची खिचडी.

आणखी एकदा मामींची आई तलवाड्याहून आली. म्हातारीला दिसलं की बळद रिकामं आहे. लेकीच्या घरात रिकामं बळद म्हणजे अपशकुन. तिनं सोबत आणलेली पोतंभर ज्वारी कुणाला न सांगता वरची फळी सरकवून आत ओतली. दुपारी मामांनी तार छेडली आणि भिंतीतून पाऊस पडायला लागला. मामा रागावतील म्हणून मी पळत गेलो तर ते हरखून बसलेले. सासूबाईंच्या पाया पडले, म्हणाले, आवाजाला दाणा आला. चार दिवस तसंच वाजवून मग त्यांनी ती सगळी ज्वारी वाटीवाटीनं बाहेर काढली. म्हातारी तलवाड्यात जाऊन सांगत होती म्हणे, जावई येडा हाय पण पाया पडतो.

गुरू कोण, असं मी विचारलं होतं. त्यांनी चार सांगितले. पहिला, बीडच्या बँड कंपनीतला पितळी भोंगा. पोरांत सगळ्यांत ठेंगणे म्हणून सगळ्यांत मोठं वाद्य त्यांच्या गळ्यात घातलं, लोकांना हसायला. बाकीचे गाणं वाजवत, यांच्या वाट्याला दोनच सूर, पोंब आणि पोंब. एकदा ताप आला म्हणून वरातीला गेले नाहीत, तर मालक स्वतः घरी आला. म्हणाला, ऊठ बाबा, घोडं पाऊल टाकंना. दुसरा गुरू, बीडला आलेल्या एका ऑर्केस्ट्राचा बेसवाला. सगळं पब्लिक पुढं बसलेलं आणि हे स्टेजच्या मागं, बेसच्या पेटीला चिकटून उभे. शर्टाचा घोळ आपोआप हलत होता, म्हणाले, वारं नसताना.

तिसरा गुरू मांजरसुंब्याच्या ढाब्यावरचे ट्रक. ड्रायव्हर जेवायला उतरतात आणि इंजिन चालूच ठेवतात. मामा चहा घेऊन त्यांच्यामध्ये बसायचे, डोळे मिटून. मी सोबत असलो की माझा चहा संपायचा, त्यांच्या चहावर साय धरायची. एका ड्रायव्हरनं घाबरून विचारलं, काय बिघाड ऐकू येतोय का, चाचा. मामा म्हणाले, बिघाड काय न्हाई, पण तुमचा ट्रक पेटीच्या काळी दोनच्या सुरात हाय, त्याला तसाच राहू द्या. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तोवर मीही त्यातलाच झालो होतो.

चौथा गुरू माझ्यामुळं मिळाला. एका म्हशीचं पोट फुगलं होतं, मी नळी लावून तपासत होतो आणि मामा शेजारी उकिडवे बसलेले. डाव्या कुशीला नळी लावली की पोटाची घुसळण ऐकू येते, मिनिटाला एकदा, फार तर दोनदा. म्हैस बरी झाल्यावर त्यांनी नळी मागून घेतली. दहा मिनिटं हलले नाहीत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, डॉक्टर, हे बी डावीकडंच हाय की. ढोलकीची धूम डावीकडं, पेटीचे खालचे सूर डावीकडं, काळीज डावीकडं. उजवीकडचं सगळ्यांला ऐकू येतं, डावीकडचं ऐकायला बसावं लागतं. त्या दिवसापासून ते आठवड्यातून एकदा तरी दवाखान्यात यायचे आणि गोठ्यातल्या गाईंच्या डाव्या कुशीला कान लावून बसायचे. गाईंनाही त्याचं काही वाटत नसे.

भीमजयंतीच्या महिन्यात मामांच्या गाण्याच्या पार्टीला उसंत नसायची. आज या गावाला, उद्या त्या वस्तीवर. मी एकदा गेलतो. गाणारा मध्ये, बाजूला कीबोर्डवाला, ढोलकीवाला, बँजोवाला. मामा सगळ्यांत मागं, पडद्याला लागून. गाणाऱ्यानं साथीदारांची ओळख करून दिली. एकेकाचं नाव, गाव, टाळ्या. शेवटी म्हणाला, आणि बाकी साथीदार. मामांनी पडद्याच्या सावलीतून वाकून नमस्कार केला. टाळ्या संपल्या होत्या. मला इतका संताप आला की मी उठून गाणाऱ्याला सांगायला निघालो, तर मामांनी डोळ्यांनीच दटावलं. पुढच्या वर्षी पार्टीनं नवा कीबोर्ड घेतला. त्यात बेस आपोआप वाजतो. मामांना कुणी येऊ नका म्हणालं नाही, फक्त बोलवायचं राहून गेलं. त्यानंतर ते रोज दोन ते चार न चुकता भिंतीपाशी बसायला लागले.

आणि त्याच उन्हाळ्यात मामींचं घरकुल मंजूर झालं.

मामींनी किती वर्षं वाट बघितली होती हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माळवद गळायचं. रात्रंदिवस भांडी मांडून ठेवायची, अंथरूण कोरड्या कोपऱ्यातून कोरड्या कोपऱ्यात न्यायचं. विंचू निघायचे. लेकीच्या सासरची माणसं आली तेव्हा मामींनी त्यांना शेजारच्या स्लॅबच्या घरात बसवलं होतं, आणि ती गोष्ट त्या कधी विसरल्या नाहीत. आता यादीत नाव आलं. पण दुसरी जागा नव्हती. जुनं घर पाडायचं, मोकळ्या जागेचा फोटो काढायचा, पाया खणायचा, मग पुढचं. आणि हे महिनाअखेरीच्या आत, नाहीतर नाव जाणार.

मामा हो म्हणत होते आणि पाडायचं नाव काढत नव्हते. आज अमावस्या, उद्या गवंडी नाही, परवा अंग दुखतंय. मामी एक दिवस माझ्या दारात येऊन बसल्या. शेरडाची दोरी हातात तशीच. म्हणाल्या, डॉक्टर, तुमचं ऐकत्यात ते. मला एक पावसाळा कोरड्यात काढायचा हाय. त्यांचं काही चुकत नव्हतं. मला तर तिथंच कबूल करावंसं वाटलं की मलाही ती भिंत पडायला नको आहे, पण कोरड्या खोलीत झोपणाऱ्यानं हे बोलू नये. भिंतीच्या माझ्या बाजूला कधी गळलं नव्हतं.

मी मामांशी बोललो. ते शांतपणे म्हणाले, मग मला दुसरं बळद बघून द्या. झालं. माझी मोटारसायकल, मागं मामा, त्यांच्या मांडीवर अॅम्प्लिफायर आणि माझ्या गळ्यात नळी. पाहुण्यांचं घर, पाहुण्यांच्या पाहुण्यांचं घर, तलवाड्याला सासुरवाडी. जिथं तिथं स्लॅब. सासूबाईंचं बळद दोन वर्षांपूर्वीच पाडलेलं, त्या जागी फ्रीज. आम्ही लोकांच्या भिंती बोटांनी वाजवून बघायचो आणि लोक आम्हाला सरकारी मोजणीवाले समजून चहा द्यायचे. एका वस्तीवर जुनं घर सापडलं, बळदही होतं, पण आतून सिमेंट मारलेलं. मामांनी त्यात तोंड घालून खोकून बघितलं आणि मागं सरले. ऊन कललेलं, ज्वारी काढलेल्या रानांतून रस्ता. मागून मामा म्हणाले, एकदा कुणीतरी ऐकलं पायजे हो. मी म्हणालो, मी ऐकतो की रोज. तर म्हणाले, तुमी भाडेकरू. तुमाला सुटका कुठं हाय.

तेव्हा मी हसलो. घरी आल्यावर मला ते लागलं. कारण खरं काय ते मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्या गावात येण्याआधी माझे वडील गेले होते आणि तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. ती भिंत होती म्हणून मी झोपलो. दुपारची ती दोन तासांची झोप, तिच्यावर मी दिवस काढायचो. तिच्यात वडील यायचे, काही न बोलता अंगणात येरझारा घालायचे, आणि त्यांची पावलं मामांच्या तारेवर पडायची. हे मी कुणाला सांगणार? पण त्या संध्याकाळी मामी शेरडं बांधत होत्या तेव्हा मी त्यांना सांगितलं. सगळं. त्या दोरीची गाठ मारता मारता थांबल्या. मग गाठ आवळून घरात गेल्या.

महिना संपायला तीन दिवस उरले. दुपारी दोनच्या सुमाराला माझ्या दाराची कडी वाजली. मामी. शेरडं शेजारणीकडं दिली होती. ओठांवर बोट ठेवून आत आल्या, पदर सावरून जमिनीवर बसल्या आणि मी बसतो तशी भिंतीला पाठ लावली. भिंतीपलीकडं मामांनी तार छेडली. त्यांना वाटत होतं, मामी माळावर आहेत.

मामी आधी दचकल्या. मग त्यांनी दोन्ही तळवे भिंतीला लावले. डोळे मिटले. मामा त्या दिवशी सावकाश वाजवत होते. एकेक सूर भिंतीत उतरायचा, मुरायचा, मग दुसरा यायचा. कोनाड्यातलं पाणी थरथरत होतं. एवढ्या वर्षांत भांड्यांच्या आवाजाआड जे होतं ते मामी पहिल्यांदा ऐकत होत्या. तासभर त्या हलल्या नाहीत. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मी दाराकडं तोंड करून उंबऱ्यात बसलो.

वाजवणं थांबल्यावर त्यांनी तळवे भिंतीवरून काढले. मग एवढंच म्हणाल्या, "हे रोज एवढं बोलत हुते व्हय, अन् मी शेरडांमागं."

त्या उठल्या आणि वळसा घालून पलीकडच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. मामा तारा पुसत होते. अवेळी बायको दारात बघून त्यांनी आधी फळीवरच्या भांड्यांकडं बघितलं.

"घर ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. "मी सांगते ग्रामपंचायतीत, नाव कापा म्हणून. गळंल ते गळंल."

मामांना काही उमगेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं की मामी तासभर माझ्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांनी गिटार खाली ठेवली. ते मामींकडं वळले.

"कुठून ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"पयल्यापासून."

मामा उठले. पेचकस घेऊन स्पीकरचे चारही स्क्रू काढले, स्पीकर उचलून अंगणात सावलीत ठेवला, वर पोतं झाकलं. मग कोपऱ्यातला टिकाव घेऊन आत आले. मामी त्यांचा हात धरायला पुढं झाल्या.

"अगं, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून भिंतीला सांगत हुतो," ते म्हणाले. "आता तिचं काय काम हाय? सरक, डोळ्यात माती जाईल."

आणि त्यांनी बळदाच्या तोंडावर पहिला घाव घातला. मामी सरकल्या नाहीत. त्यांनी घमेलं उचललं आणि पडणाऱ्या मातीखाली धरलं.